जिन्याने जाणाऱ्या फायली

"करंगळी नाही... अंगठा."

आवाज मागून आला. तिने वळून पाहिलं नाही. दुकानात मांडून ठेवलेल्या त्या चकचकीत मॅक कॉम्प्युटरसमोर ती केव्हाची उभी होती, आणि एक साधं वाक्य इथून उचलून तिथे ठेवणं तिला जमत नव्हतं. आयुष्यभर विंडोजवर काम केलेली तिची करंगळी सवयीने कोपऱ्यातल्या कंट्रोलच्या कळीवर जात होती, आणि स्क्रीन ढिम्म हलत नव्हती.

"स्पेसबारच्या शेजारची कळ आहे ना, ती अंगठ्याने दाबून धरायची. हं. आता बाकीचं नेहमीसारखं."

तिने तसं केलं. वाक्य शहाण्या मुलासारखं जाऊन जागेवर बसलं. आता मात्र वळून बघणं भाग होतं. उंच, किंचित वाकलेला, बोटांना शाईचे डाग असलेला एक माणूस हसत होता.

"तुम्ही इथे दुकानात काम करता?"

"नाही हो, मी कॉम्प्युटरवर चित्र काढायच्या पेनची टोकं घ्यायला आलोय. पण कुणी बुडताना दिसलं की पोहणाऱ्याला राहवत नाही."

"मी बुडत नव्हते," ती म्हणाली. "पाणी किती खोल आहे ते बघत होते."

"मग? किती आहे?"

"गुडघाभर. उगाच समुद्राचा आव आणलाय. खिडकी बंद करायचं बटण डावीकडे कोण ठेवतं?"

"ज्यांना खिडक्या बंद करायची घाई नसते, ते."

खरं तर ती माउस घ्यायला आली होती. तो घेतला, पैसे दिले आणि मागे बघायचं नाही असं ठरवून निघाली. दारापाशी पोचल्यावर बघितलंच. तोही बघत होता.

सोमवारी सकाळी तोच माणूस, कॉम्प्युटर पोटाशी धरून, तिच्या प्रयोगशाळेच्या दारात उभा होता.

प्रयोगशाळा लहानशीच. हवेतले परागकण ओळखणं आणि मोजणं हे तिथलं काम. गच्चीवर चिकट काच ठेवायची, वाऱ्याबरोबर येऊन जे चिकटेल ते मायक्रोस्कोपखाली बघायचं आणि दम्याच्या डॉक्टरांना कळवायचं, की आज हवेत कोण आहे. मायक्रोस्कोपवर बसणारी ती. आणि सगळ्यांच्या डोक्यावर मोठ्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांना आता परागकणांचं एक सचित्र पुस्तक काढायचं होतं. त्यासाठी चित्रकार येणार, एवढंच तिला माहीत होतं.

"बुडणाऱ्या बाई!" चित्रकार म्हणाला.

"खोली बघणाऱ्या," तिने दुरुस्त केलं, आणि कान गरम झाल्याचं जाणवून ती भराभर जिना चढून वर गेली.

तिचं टेबल वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून. त्याचं खाली, उजेडाच्या खिडकीपाशी. मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्यातून काढलेले फोटो ती खाली देणार, त्यावरून तो चित्र काढणार, असं ठरलं होतं. नुसते फोटो पुरत नाहीत. परागकण असतो गोल आणि फोटोत त्याचा एकच थर नीट दिसतो. वरचे काटे स्पष्ट आले, तर पोटाजवळचं भोक धूसर. दोन्ही एकत्र दाखवायचं तर माणसाचाच हात लागतो.

पहिल्याच दिवशी तो पेन ड्राइव्ह घेऊन वर आला.

"तुमचे पराग आमच्याकडे उमलत नाहीत."

"म्हणजे?"

"फाइल उघडतच नाही. माझा मॅक म्हणतो, हा पाहुणा कोण ते मला ठाऊक नाही."

"पाहुण्याला ओळखायला जरा अक्कल लागते."

"किंवा पाहुण्याने जरा नीट ओळख करून द्यावी लागते."

खोटं काहीच नव्हतं त्यात. कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालायचा आणि फोटो स्वतःच्याच खास प्रकारात साठवायचा. शेवटी चित्रकार स्टूल ओढून तिच्या शेजारी बसला आणि तिच्या स्क्रीनकडे बघून कागदावर रेखाटू लागला. मग म्हणाला, फोटो राहू दे, मला खरा कणच दाखवा. तिने त्याला मायक्रोस्कोपपाशी बसवलं आणि फोकसचं बटण स्वतःच्या हातात ठेवलं.

"वर घ्या... अजून थोडं. काटे दिसले. आता खाली..."

"हळू जाते. पटकन गेलं की कण हरवतो."

"तुमचा हात किती स्थिर आहे हो," तो डोळा न हलवता म्हणाला. बटण पटकन फिरलं आणि कण हरवला.

त्याच आठवड्यात, प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये भलतंच काही शोधताना, तिला ती ओळ दिसली. फोटो कुठल्या प्रकारात साठवायचा? तीन-चार पर्याय होते. त्यातला एक असा, की जो कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतो, मॅकवरसुद्धा. एक क्लिक, बस्स.

तिने माउस त्या ओळीवर नेला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. चौथ्या पायरीवर तो नेहमी अडखळायचा, तसा आत्ताही अडखळला...

तिने ती खिडकी बंद केली. उजवीकडची फुली दाबून, घाईघाईने.

अशी लबाडी तिने आयुष्यात केली नव्हती. कण मोजताना एखादा काचेच्या अगदी कडेला असला, तर तो धरायचा की नाही यावर ती स्वतःशीच भांडायची. आणि आता रोज सकाळी तिच्या मशीनवर फोटो त्याच खास, न उघडणाऱ्या प्रकारात साठत होते, आणि रोज सकाळी चित्रकार पेन ड्राइव्ह फिरवत वर येत होता.

"आज तरी उमलतील का?"

"बघा नशीब आजमावून."

त्याचं चित्र झालं की ते तपासायला ती खाली जायची. त्याचा प्रोग्रॅम फक्त मॅकवरचा, चित्राची फाइल तिच्याकडे उघडायची नाही. मग त्याच्या खुर्चीवर ती बसायची आणि तो मागे उभा राहायचा.

"हा काटा आखूड झालाय," ती म्हणायची.

"तुमच्या जिभेइतका लांब काढू का?"

"आणि तुमचं हे पान उलटं का सरकतं? मी खाली ओढते तर ते..."

"तुम्ही कागद टेबलावर खाली ओढलात तर कागद खालीच येतो ना? तसंच. विंडोजवाल्यांना सगळं उलटं बघायची सवय."

"आणि मॅकवाल्यांना स्वतःलाच सुलटं समजायची."

गवताच्या परागांचे दिवस सरले, झाडांचे सुरू झाले. एकदा दिवसभर पाऊस लागला. पाऊस पडला की हवा धुऊन निघते, काचेवर मोजायला काही उरत नाही. त्या दिवशी नवा फोटो नव्हताच. तरीही चौथ्या पायरीवर पाऊल अडखळलं.

"आज काही नाही," ती म्हणाली.

"हो का? मग... कालचाच एक बघायचा राहिला होता."

राहिला नव्हता. दोघांनी तो पुन्हा पाहिला, बराच वेळ. गच्चीच्या दारावर पाऊस वाजत होता आणि दोघांचे खांदे एकमेकांना लागत नव्हते, पण फार लांबही नव्हते.

आणि मग मोठ्या बाईंनी दोघांना बोलावलं.

"मी रोज बघतेय," बाई म्हणाल्या. "हे वर जातात, तू खाली येतेस. अर्धा दिवस जिन्यात. पुस्तक कधी व्हायचं? तुमची मशीन्स एकमेकांशी बोलत नाहीत ना? मग एका घरात दोन चुली मला नकोत. एकच काहीतरी ठरवू."

"एकच म्हणजे... कोणतं?" तिने विचारलं.

"कॅमेरा मॅकवर चालतो?"

"नाही."

"मग विंडोज. सोपं आहे. चित्रकार, तुम्हाला जमेल?"

तो पहिल्यांदाच विनोद न करता बोलला. "बाई, माझी सगळी चित्रं त्या एका प्रोग्रॅममध्ये आहेत. थर वेगळे, रेषा वेगळ्या. तिकडे नेली तर नुसती चित्रं राहतील, दुरुस्त करता येणार नाहीत. पुन्हा पहिल्यापासून काढावी लागतील." थोडं थांबून तो म्हणाला, "मला दुसरीकडून बोलावणं आलंय. पुस्तकांचंच काम आहे, तिथे सगळे मॅकवर आहेत. मी नाही म्हणणार होतो. पण इथे अडचण होत असेल, तर... तिकडे जाईन."

"उद्या सकाळी नक्की सांगा," बाई म्हणाल्या.

जिन्यापाशी तो थांबला. तिने काहीतरी बोलावं म्हणून थांबला असावा. ती एवढंच म्हणाली, "तिकडे बटण डावीकडे असेल सगळ्यांचं."

"हो," तो म्हणाला. "भांडायला कुणी नसेल."

घरी आल्यावर तिने चहा घेतला नाही, तेव्हाच आईने ओळखलं.

"कुणाशी वाजलं?"

"कुणाशी नाही. आई, समजा एखादी गोष्ट बिघडलेली आहे असं सगळ्यांना वाटतंय, आणि ती मुळात बिघडलेलीच नाही हे एकीला माहीत आहे..."

"ती एक म्हणजे तू."

"समजा म्हटलं ना!"

"बरं, समजा. खोटं बोलली का ती?"

"बोलली नाही. गप्प बसली."

"कशासाठी?"

ती कपाच्या कानाशी खेळत राहिली.

"जिना चढून येतो तोच ना, चित्रं काढणारा?" आई म्हणाली. "रोज जेवताना त्याच्या कॉम्प्युटरला नावं ठेवतेस. एवढी नावं मी तुझ्या बाबांनाही ठेवली नाहीत, आणि त्यांच्याशी तर मी लग्न केलं."

"आई!"

"खरं सांगून टाक. फार तर काय, हसतील."

"मला हसतील याची भीती नाही गं." तिचा आवाज बारीक झाला. "खरं सांगितलं की त्यांना वर यायचं कारण उरणार नाही. नाही सांगितलं तर ते जातीलच."

"मग गेलेल्या माणसापेक्षा खाली बसलेला बरा," आई म्हणाली आणि चहा पुन्हा गरम करायला उठली.

सकाळी ती बाईंच्या खोलीत गेली तेव्हा चित्रकार आधीच बसला होता. मांडीवर हात, हातात पेन ड्राइव्ह. तिने बसायचं टाळलं. बसलं तर धीर सुटला असता.

"बाई, एकच सिस्टिम करायची गरज नाही. माझे फोटो यांच्याकडे उघडू शकतात."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. कॅमेऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये एक सेटिंग आहे. ते बदललं की फोटो कुठेही उघडतो. मला माहीत होतं. मी बदललं नाही."

बाईंनी चष्मा काढला. "तू? चुकून एक कण जास्त मोजलास तर पुन्हा अख्खी काच मोजणारी तू? का नाही बदललंस?"

आता सांगायचं म्हणजे... तिने भिंतीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. सगळीकडे पाहून झालं, आणि जिकडे बघायचं नव्हतं तिकडे शेवटी नजर गेली. चित्रकार तिच्याकडेच बघत होता. हसत नव्हता.

"बदललं असतं, तर फोटो आपोआप खाली गेले असते," ती म्हणाली. "मग... वर कुणी आलं नसतं."

बाईंनी चष्मा टेबलावर ठेवला.

"बाई," चित्रकार घसा साफ करून म्हणाला, "चित्रांचंही तसंच आहे."

"कसं?"

"त्यांना तपासायला चित्र हवं असायचं. मी पीडीएफ करून पाठवू शकलो असतो."

"पीडीएफ?" बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "अहो, पीडीएफ तर मलासुद्धा करता येते!"

"सगळ्यांनाच येते."

"मग पाठवली का नाहीत?"

"यांनी कधी मागितली नाही," तो म्हणाला, आणि आता मात्र त्याच्या ओठांचा कोपरा हलला.

तिला हे कधी सुचलं नव्हतं का? सुचलं होतं की. म्हणून तर तिने मागितली नव्हती. पण त्यालाही ते सुचलं असेल, त्यानेही रोज सकाळी तसंच गप्प बसायचं ठरवलं असेल, हे मात्र तिच्या कुठल्याच हिशेबात नव्हतं. आता मात्र तिने खुर्ची ओढली आणि ती बसली.

बाई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. मग चष्मा पुन्हा चढवत म्हणाल्या, "म्हणजे मशीन्स बोलत होती. माणसंच बोलत नव्हती. जा आता. चुली दोन राहू देत, पंगत एक करा म्हणजे झालं. सेटिंग आजच्या आज बदल. आणि चित्रकार, त्या लोकांना नाही म्हणून कळवा."

"कळवतो."

"आणि ती चौथी पायरी कुणीतरी दुरुस्त करून घ्या. रोज धडपडण्याचा आवाज माझ्या खोलीत येतो."

वर जाऊन तिने सेटिंग बदललं. खरोखरच एक क्लिक. सकाळच्या काचेवर झाडांचे चांगले टपोरे कण आले होते. तिने फोटो काढला आणि खाली पाठवून दिला. फोटो जिन्याने गेला नाही. खाली त्याच्या मॅकवर तो गुपचूप उघडलाही असेल. ती कान देऊन बसली. जिना शांत होता... बराच वेळ शांत.

आईचं वाक्य तिने मनात घोळवलं. खाली बसलेला बरा. बराच की.

मग चौथ्या पायरीवर पाऊल अडखळलं.

तो दारात आला. तिने घाईघाईने मायक्रोस्कोपला डोळा लावला. खाली काच नव्हतीच.

"उघडला ना फोटो?"

"उघडला. अगदी सुरेख. काटान् काटा दिसतोय."

"मग? आज काय काढलंत काम?"

त्याने दोन्ही हात पुढे केले. तळवे उघडे, बोटांना शाईचे डाग. पेन ड्राइव्ह नव्हता, कागद नव्हता, पेन्सिलसुद्धा नव्हती.

"काही नाही," तो म्हणाला. "नुसताच आलोय. चालेल?"

तिने पायाने शेजारचं स्टूल बाहेर ढकललं.

"बस," ती म्हणाली. तोंडातून निघालेला तो एकेरी शब्द तिने परत घेतला नाही.