खिडकीतले दोन पालथे कप

फौजी म्हाताऱ्याचं डोकं कोणीतरी हातोड्याने फोडलं होतं, आणि एका घावावर त्याचं समाधान झालं नव्हतं. रक्ताचे शिंतोडे छतापर्यंत उडाले होते. एक दात उशीवर पडला होता. चुलीत कागदांची राख होती. लढाईच्या काळात म्हाताऱ्याने बायकोला लिहिलेली ती पत्रं. त्यांचं पुस्तक निघणार होतं.

सकाळी प्रेत पाहिलं ते जावयाने. सासऱ्याला कवेत धरून उठवायला गेला, त्यात त्याचा शर्ट रक्ताने भिजला. आदल्या दुपारी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, तेही शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. हवालदाराच्या लेखी प्रकरण तिथेच मिटलं. त्याने जावयाला कोठडीत टाकलं आणि वर दोन ठेवूनही दिल्या.

निरीक्षक बाईंना आयतं उत्तर पचत नसे. त्यांचं घोडं अडलं कपांपाशी. खुर्चीच्या पायाशी एक कप होता, तळाला चहा सुकलेला. खिडकीत आणखी दोन, स्वच्छ धुऊन पालथे घातलेले.

"हा खालचा कोणाचा?"

"माझ्या नवऱ्याचा," म्हाताऱ्याची मुलगी म्हणाली. "दुपारी पिऊन तसाच ठेवून गेला. नेहमीचंच आहे. सकाळी मी येऊन विसळते."

"बाबा विसळत नसत?"

"दुसऱ्याच्या कपाला ते हात लावत नसत. आघाडीवर विषमज्वर झाला होता त्यांना. तिथल्या इस्पितळाच्या वॉर्डात ज्याने त्याने आपला कप उकळत्या पाण्याने धुवायचा आणि खिडकीत पालथा घालायचा. ती खोड शेवटपर्यंत गेली नाही."

आई मोठ्याने वाचायची म्हणून पत्रं मुलीला तोंडपाठ होती. शेजारच्या खाटेवरच्या दोस्ताला बाबा टिटवी म्हणत. ताप चढला की त्याचे दात वाजत. पुलावर लढाई झाली त्या दिवशीही दोघं अंथरुणातच होते, आणि तोफा ऐकून टिटवी ढसाढसा रडला होता. त्याचं खरं नाव बाबा पुस्तकात देणार होते, पण तिला कधी सांगितलं नव्हतं. बाप गेला होता, आता नवराही फासावर जायचा होता.

दुपारी कप्तान स्वतःहून चौकीत आला. पूल एकट्याने लढवला म्हणून त्याचा पुतळा चौकात उभा होता. म्हाताऱ्याचा जुना सोबती तो.

"त्यांच्या घरी शेवटचे कधी गेला होतात?" बाईंनी विचारलं.

"वर्ष झालं असेल. पण काल दुपारी जावई दातओठ खात बाहेर पडला, ते मी रस्त्यावरून पाहिलं."

"आघाडीवर तुम्हीही आजारी पडलात का?"

"मी? एक दिवस अंथरूण धरलं नाही."

बाईंनी चहा मागवला आणि पुलाची गोष्ट सांगायला लावली. कप्तान रंगात आला. चहा संपला तसा तो बोलता बोलताच उठला, शेगडीवरच्या किटलीतलं उकळतं पाणी कपात ओतलं, कप खळखळून धुतला आणि खिडकीत पालथा घातला.

"काल संध्याकाळीही असंच केलंत," बाई म्हणाल्या.

कप्तानाची गोष्ट अर्ध्यावर राहिली.

"पाहुण्याचा कप म्हातारा धुणार नव्हता. जावई स्वतःचा उचलतसुद्धा नाही. तरी खिडकीत पालथे कप दोन. म्हणजे काल तिथे त्याच वॉर्डातला माणूस चहाला बसला होता. तुमचं नाव गाळा म्हणून विनवायला गेलात. ते ऐकेनात, तेव्हा हातोडा उचललात. नाहीतर चौकातला पुतळा कोणाचा, असं लोकांनी विचारलं असतं."

"इतकी वर्षं तोंड शिवून होता," कप्तान म्हणाला. "गोवऱ्या मसणात गेल्यावर त्याला खरं बोलायचं सुचलं."

आणि त्याने टेबलावरून झेप घेऊन बाईंचा गळा धरला. अंगठे कंठमणी शोधत रुतले. बाईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. हवालदाराने दंडुक्याने त्याचं मनगट मोडलं तेव्हा कुठे पकड सुटली. या खेपेला हवालदाराने मारायला माणूस बरोबर निवडला होता.

कप्तान फरशीवर पडला आणि त्याचे दात वाजू लागले. हाताने जबडा दाबून धरला तरी थांबेनात.

मुलगी दारात उभी होती, नवऱ्यासाठी धुतलेला शर्ट घेऊन. ती तो आवाज ऐकत राहिली.

"पत्रात हे आलं की आई हसायची," ती म्हणाली. "बिचाऱ्याला एक घोंगडी पाठवू या, म्हणायची. पाठवलीही होती."

मग तिने शर्ट छातीशी धरला आणि बाईंकडे नवऱ्याच्या कोठडीची किल्ली मागितली.