ओल्या फडक्याचा चोर

"चोर काहीतरी नेतो ना? मग हा कसला चोर!" चष्मिसने कमरेवर हात ठेवले.

"उलट कामं करून गेलाय!" गप्प्या डोकं खाजवत म्हणाला.

काल चौकात मारामारी झाली, धडाधड दारं लागली आणि मुलं मातीकामाच्या खोलीत मूर्ती तशाच टाकून घरी पळाली. उघडी माती रात्रभरात तडकायलाच हवी होती! पण सकाळी सगळ्या मूर्तींवर ओली फडकी होती. हत्तीचा तुटका कानसुद्धा जोडलेला! आणि खिडकी सताड उघडी.

"कोणीतरी आत शिरतंय," मंडळाचे अध्यक्षकाका गरजले. "आज सापडला नाही, तर उद्यापासून खोलीला कुलूप!"

 जुन्या गॅरेजमधल्या या एकाच खोलीत मुलांच्या आया त्यांना निर्धास्त पाठवायच्या.

दुपारी दोघांनी मुद्दाम फडकी काढून ठेवली आणि ती दोघं मातीच्या पोत्यांमागे लपली.

दार करकरलं. आत आले चक्क अध्यक्षकाका! त्यांनी खिडकी उघडली, आरामात सिगारेट ओढली, थोटूक कोपऱ्यात टाकलं आणि खिडकी तशीच ठेवून निघून गेले.

"काकाच चोर?" गप्प्या पार गोंधळला.

"शूऽऽ!"

खिडकीतून एक लांबलचक पाय आत आला. चौकातला लंबू! त्याला बघून मोठी माणसंही रस्ता बदलायची. त्याने फडकं भिजवलं, पिळलं आणि हत्तीवर अलगद पांघरलं.

"आक् छी!" गप्प्या शिंकला.

लंबू ताडकन उडाला. "कोणाला सांगू नका रे! चौकात कळलं तर माझी पार शोभा होईल!"

"पण तू दारातून का येत नाहीस?" चष्मिसने विचारलं.

"मला कोण घेणार आत?"

असं म्हणत लंबू आला तसा खिडकीतून निघून गेला.

संध्याकाळी काका कुलूप घेऊन हजर! मातीकाम शिकवणारी ताई रडकुंडीला आली होती.

"काका, खिडकी चोराने उघडली ना?" चष्मिसने थोटूक पुढे केलं. "मग हेही त्याचंच असेल! काकूंना दाखवू?"

काकांना जोराचा ठसका लागला. कुलूप गुपचूप पिशवीत गेलं.

मग चष्मिसने ताईला सगळं सांगितलं. "शाबास रे पोरांनो!" ताईने दोघांना जवळ घेतलं. "आणि त्या लंबूला सांगा, उद्यापासून दारातून ये म्हणावं."

दुसऱ्या दिवशी दार उघडं होतं, तरी लंबू बाहेरच घुटमळत होता. एकदा खिडकीकडे बघायचा, एकदा दाराकडे.

"अरे, ये ना!" गप्प्या ओरडला. "तुझ्या हत्तीचा कान परत पडलाय!"

लंबूने चपला काढल्या आणि तो आत आला.