घरचा य, शाळेचा ळ

पहिल्या भेटीत लोक नाव विचारतात, गाव विचारतात, निदान पाणी तरी विचारतात. जमनाला त्या माणसाने पहिल्या भेटीत ऐकवलं ते एक अक्षर. ळ.

त्याचं असं झालं. सन अडतीसचा जून महिना. म्हसावदच्या हिलाल पाटलांची ही थोरली लेक मराठी सातवीची फायनल पास झाली होती, आणि आता मास्तरीण व्हायचं म्हणून बापाच्या बैलगाडीतून, प्रकाशा गावाला तापी ओलांडून नंदुरबारला आली होती. हिलाल बैलांना पाणी दाखवायला थांबले. जमनाला कुठला धीर. समोरून एक तरणा गृहस्थ छत्री मिटत येत होता, त्यालाच तिने विचारलं, "भाऊ, पोरीस्नी शाया कोठे शे?"

तो थांबला. स्वच्छ धोतर, काळा कोट, आणि डोळे असे शांत की माणसाने उगाच आपला पदर सारखा करावा.

"शाया नव्हे," तो म्हणाला. "शाळा. ळ. जीभ टाळूला लावा."

एवढं बोलून त्याने हाताने रस्ता दाखवला आणि चालू लागला. जमना रस्त्यात आ वासून उभी. आपली जीभ आपण कुठे लावायची हे सांगणारा हा कोण टिकोजीराव? राग तर आलाच. पण त्या रात्री पडल्यापडल्या तिने जीभ टाळूला लावून पाहिली, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी तो टिकोजीराव वर्गात भेटला. मुलींच्या शाळेला जोडून बायकांचा एक वर्षाचा ट्रेनिंगचा वर्ग होता. हेडबाई रेवाबाई. शिकणाऱ्या बायकांनी त्याच शाळेतल्या पोरींवर पाठ घ्यायचे. आधी वहीत टाचण लिहायचं, म्हणजे काय दाखवणार, काय विचारणार, पोरी काय उत्तर देणार, सगळं. बिगरीचे गुरुजी मागच्या बाकावर बसून पाठ ऐकणार आणि त्याच वहीत लाल शाईने शेरा देणार. ते बिगरीचे गुरुजी म्हणजेच हे, सी. एन. पाटील.

सी म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे चंद्रशेखर, कुणी म्हणे चिंतामण. पुण्याला ट्रेनिंग केलेलं, बोलणं धुतल्या तांदळासारखं, तेव्हा माणूस पुण्याकडचा ह्याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं. पाटील काय, सगळ्या मुलखात असतात.

जमनाच्या पहिल्या पाठावर शेरा पडला, "फळ्यास फया म्हटले. उच्चार अशुद्ध. पाठ पुन्हा घ्यावा." दुसऱ्यावर पडला, "आभाय, डोया, काया. उच्चार अशुद्ध. पाठ पुन्हा घ्यावा." दिवाळीपर्यंत असे पाच झाले. वही उघडली की जमनाच्या पोटात गोळा यायचा, आणि तो गोळादेखील तिच्या तोंडून गोयाच निघायचा.

बरं, माणूस वाईट असता तर सोपं होतं. पण तो पोरींच्या पाट्या स्वतः ओल्या फडक्याने पुसून द्यायचा. कुणाची वेणी सुटली तर तीही बांधून द्यायचा, अगदी वाकडी. खिडकीतून मिरचीच्या खळ्यावरचा वारा आला की अख्खा वर्ग शिंकायचा, तेव्हा तोही शिंकायचा आणि त्या शिंकेबद्दल चाळीस पोरींची माफी मागायचा. जमनाला तो आवडायला लागला होता. आणि ह्या गोष्टीचा तिला फार संताप यायचा, कारण उपयोग काय? तो कुठला, आपण कुठल्या. हिलाल पाटलांनी पुण्याकडचा जावई उंबऱ्याच्या आत घेतला नसता. शिवाय त्यांनी लेकीला मुदत दिली होती ती आखाजीपर्यंतच, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. पास झाली तर शहाद्याच्या शाळेत नोकरी. नापास झाली तर सारंगखेड्याचं स्थळ तयार होतं. साठ बिघे जमीन, भारदस्त मिशा आणि "बाईले वाचानं काय काम?" असं तोंडावर म्हणणारा नवरदेव.

मार्चात परीक्षेच्या पाठाच्या चिठ्ठ्या निघाल्या. रेवाबाईंनी पितळी वाटी पुढे केली. कुणाला बेरीज आली, कुणाला चिमणी आली. जमनाने चिठ्ठी उघडली. चिठ्ठीत एकच अक्षर होतं. ळ.

बदलून द्या म्हणून ती रडकुंडीला आली. रेवाबाई म्हणाल्या, नशीब आणि चिठ्ठी बदलून मिळत नाही. त्या वळल्या तशी मागून पाटील गुरुजींनी घसा साफ केला आणि म्हणाले, हरकत नसेल तर तेवढं एक अक्षर ते शिकवतील. रोज संध्याकाळी. तिच्या घरमालकीणबाईंच्या ओट्यावर, सगळ्यांच्या देखत.

घरमालकीण झमकूबाई ही मारवाडी म्हातारी. सुपात मूग घेऊन ती पहाऱ्याला बसायची. तिच्या बोलीत ळ जन्मापासूनचा, त्यामुळे एका अक्षरासाठी दोन माणसं महिनाभर घाम गाळतात ह्याचं तिला मोठं नवल वाटे.

"जीभ वळवा," गुरुजी म्हणायचे.

"कुठं वळवू? वळवून वळवून गाठ बसली."

"म्हणा, जवळ."

"जवय."

"जवळ."

"जवय."

"अजून… जवळ," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून त्याचे कान लाल झाले. झमकूबाईंनी मुगातला एकच खडा बराच वेळ शोधला.

एकदा झमकूबाईंनी दोघांना मिरचीचं लोणचं चाखायला दिलं. गुरुजींनी मोठा घास घेतला आणि एकदम म्हणाले, "ओ माय वं…"

जमना थबकली. पुण्याकडचं माणूस आई गं म्हणतं. तिने रोखून पाहिलं. गुरुजी म्हणाले, ठसका लागला. आणि पाणी प्यायचं सोडून उठून गेले. जमनाला वाटलं, आपल्याच कानात गाव भरलंय.

महिन्याभरात ळ जमला. जमनाच्या तोंडून केळं निघालं, माळ निघाली, काजळ निघालं. शेवटच्या संध्याकाळी तिने एका दमात जवळ म्हटलं, तेव्हा गुरुजींनी हसून मान डोलावली खरी, पण त्यांचा चेहरा उतरलेला होता. आता रोज यायला निमित्त उरलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी शाळा तपासणारे डिप्टीसाहेब खुर्चीवर बसले. त्यांच्या शेजारी रेवाबाई, मागच्या बाकावर दौत घेऊन गुरुजी. जमनाने पिशवीतून केळं काढलं. टाचणात लिहिलं होतं, केळे दाखवणे, नाव विचारणे, चूक दुरुस्त करणे.

"हे काय आहे?"

"केय!" चाळीस पोरी एका सुरात म्हणाल्या.

आणि पहिल्या रांगेतल्या भिकूने, सहा वर्षांच्या चिमुरडीने, घाबरून स्वतःच्या तोंडावर हात दाबला. चूक बोलून गेलो, आता पुन्हा तोंड उघडायचं नाही, असा तो हात होता. जमना त्या हाताकडे बघत राहिली. वर्षभर आपणही तोंडावर असाच हात धरून बसलोय, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि तिला धक्काच बसला. पोर तोंड झाकून बसलं तर मग शाळेने शिकवायचं कुणाला?

तिने टाचणवही मिटून टेबलावर ठेवली. रेवाबाईंच्या भुवया वर गेल्या.

"हात काढ भिकू," जमना म्हणाली. "केयच आहे ते. तुझ्या मायनं शिकवलेलं चूक कसं असेल?"

आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात तिने लिहिलं, केय. सरकारी शाळेचा फळा, डिप्टीसाहेब समोर, आणि फळ्यावर अहिराणी. जमनाने शेजारी लिहिलं, केळ.

"हा घरचा य. हा शाळेचा ळ. घरून निघताना आपण झगा बदलतो ना? तसा शब्द झगा बदलून शाळेत येतो. आतलं पोर तेच. आता सांगा, घरी डोया, तर शाळेत?"

"डोळा!"

मग काय, पोरींना खेळच सापडला. आभाय, आभाळ. काया, काळा. फया, फळा. वर्षभर मुक्या बसलेल्या पोरी आता एकमेकींना ढकलून शब्द आणायला लागल्या. आणि त्या गदारोळात भिकू उठून उभी राहिली.

"बाई, मंग घरनी माय म्हंजे… शायामां माळ?"

डिप्टीसाहेबांची पेन्सिल थांबली. स्वतःच्याच नियमाने जमना स्वतः पकडली गेली होती, आणि ह्याचं उत्तर कुठल्याही टाचणात नव्हतं. समोर सारंगखेड्याच्या मिशा दिसायला लागल्या. पण भिकू खरोखर काळजीत होती. माय शाळेत येऊन बदलते की काय, ह्या भीतीने तिचे डोळे भरले होते.

जमना तिच्याजवळ जाऊन बसली.

"नाही गं. काही शब्दांचा य जन्माचा असतो. माय घरी माय, शाळेतही माय. तिचा य कुणी काढायचा नाही."

मागच्या बाकावर दौत लवंडली. लाल शाई फरशीवर सांडली, गुरुजींच्या धोतरावर सांडली, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

डिप्टीसाहेब खाकरले. "पाटील, वर्ग तुमचा. फळ्यावर हे असलं लिहिलेलं तुम्हाला चालतं?"

गुरुजी उभे राहिले.

"साहेब, खरं सांगू का? इतला दिन मी ह्या पोरीस्ले चूप बसानं शिकाडं. ह्या बाईनी आज बोलानं शिकाडं."

कुणाची तरी पाटी खाली पडली. रेवाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि तशाच राहिल्या.

"तुम्ही पुण्याकडचे ना?" डिप्टीसाहेबांनी विचारलं.

"मी कोरीटना शे. चुडामण नथ्थू पाटील."

चुडामण. चंद्रशेखर नाही, चिंतामण नाही, चुडामण. जमना फळ्याला टेकून उभी राहिली. कोरीट म्हणजे तापीच्या अलीकडचं गाव. आपलीच माणसं, आपलीच बोली, आणि ह्या माणसाने वर्षभर लाल शाईने आपल्याच बोलीला अशुद्ध ठरवलं. तिला इतका राग आला आणि त्या रागाखालून इतका आनंद उसळला, की हसावं की दौत फेकून मारावी, हे तिचं तिलाच कळेना.

डिप्टीसाहेबांनी खडू उचलला. फळ्यावर बाळ, माळ, काजळ असे शब्द लिहिले आणि एकेक पोर उठवली. भिकूने जीभ वळवून, डोळे मिटून, खणखणीत ळ म्हटला. चाळीसच्या चाळीस पोरींनी म्हटला. साहेबांनी टाचणापुढे शून्य लिहिलं आणि त्याच्याखाली लिहिलं, "पोरींना आले. पास."

संध्याकाळी व्हरांड्यात जमनाने त्याला गाठलंच. "वर्षभर माझ्या वहीत शाई ओतलीत. लाज नाही वाटली?"

तो कठड्याला धरून उभा होता. पुण्याच्या वसतिगृहात त्याच्या य वर पोरं लोळून हसायची, म्हणून त्याने तीन महिन्यांत जीभ सरळ केली, असं तो म्हणाला. मग एकदा माय भाकरी-ठेच्याचं गाठोडं घेऊन एवढ्या लांब भेटायला आली. पोरांनी विचारलं, कोण? तो म्हणाला, गावाकडची एक बाई.

"तिनं ऐकलं," तो म्हणाला. "गाठोडं ठेवलं आणि आल्या पावली गेली. तेव्हापासून मला चुडामण म्हणत नाही. गुरुजी म्हणते."

जमनाचा राग कुठल्या कुठे गेला. ती त्याच्या शेजारी कठड्याला टेकून उभी राहिली, आणि त्यालाही ते पुरलं.

चार दिवसांनी हिलाल पाटील गाडी घेऊन आले. ट्रंक चढली, झमकूबाईंनी लोणच्याची बरणी दिली. तेवढ्यात गुरुजी धापा टाकत आले, एका हातात टाचणवही, दुसऱ्यात दौत आणि टाक. शेरा राहिला होता म्हणे. हिलाल बैलांचं जू बघायला पुढे गेले. जमनाने वही उघडली. लाल शाईत, अगदी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "पाठ उत्तम. उच्चाराविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. पहिल्या दिवशी, शाळेच्या वाटेवरच, मी आपल्यावर भाळलो."

तिने वर पाहिलंच नाही. हात पुढे करून त्याच्या हातातला टाक काढून घेतला, दौतीत बुडवला, ट्रंकेवर वही ठेवली आणि त्याच्या ओळीखाली लाल रेघ ओढली. मग सावकाश लिहिलं, "उच्चार अशुद्ध. घरची गोष्ट घरच्या बोलीत सांगावी. पाठ पुन्हा घ्यावा. आखाजीला, म्हसावदला. सोबत माय पाहिजे."

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. आणि बोलला ते घरच्याच बोलीत.

"मी मायले संगे लई येसू. पन ती माले गुरुजी म्हनस… येई का ती?"

"पहिले तुम्ही तिले माय म्हना," जमना म्हणाली. "चार लोकस्मां. मंग देखा."

हिलालांनी बैलांना हाक मारली. गाडी हलली. प्रकाशाची नाव, मग शहादा, मग पुढे म्हसावद. दीड-दोन दिवसांची वाट. तो चाकाच्या धुळीतून शेजारी चालत राहिला.

"म्हसावद भलतं दूर शे का?" त्याने विचारलं.

जमनाची जीभ सवयीने टाळूला लागली. मग तिने ती खाली घेतली आणि हसली.

"नही," ती म्हणाली. "जवयच शे."