डर्बीच्या घरातली नखं

लंडनच्या इल्फर्ड भागातल्या वन-बेड फ्लॅटमध्ये सहा वर्षं काढल्यावर राकेश आणि स्नेहलने डर्बीत घर घेतलं. राकेशचं ऑफिस लांब ब्रॅकनेलला, पण तिथे महिन्यातून दोनदाच जायचं होतं. तीन बेडरूम्स, मागे लांबट गार्डन, सहा वर्षांच्या सियाला चालत जाता येईल अशी शाळा. सर्व्हेच्या रिपोर्टमध्ये किरकोळ ओल सोडली तर काहीच नव्हतं.

स्नेहलला एकच गोष्ट खटकली. बाथरूममध्ये कार्पेट होतं. शेवाळी रंगाचं, कमोडच्या बुडाशी काळपट झालेलं. अनवाणी पाय ठेवला की गार आणि किंचित चिकट लागायचं. "लोक असं राहतात तरी कसे?" ती म्हणाली. पहिल्याच शनिवारी राकेशने ते उखडलं.

खाली नखं होती. पायाची. पिवळी, जाड, सुपात धान्य पसरावं तशी भिंतीपासून भिंतीपर्यंत. भिजून तसेच राहिलेल्या मोज्यांचा वास सगळ्या घरात चढला. स्नेहल गार्डनमध्ये जाऊन ओकली. राकेशने ग्लव्ह्ज चढवले, दोन काळ्या पिशव्या भरून कौन्सिलच्या कचरा डेपोत टाकून आला, ब्लीचने जमिनीच्या लाकडी फळ्या घासल्या आणि वर नवं लिनोलियम अंथरलं.

दोघंही नागपूरचे, विहारात आणि वाचनालयात वाढलेले. भूत, करणी असले शब्द त्यांच्या घरात कुणी गंभीरपणे उच्चारलेच नव्हते. "आधीचे लोक घाणेरडे होते, एवढंच," राकेश म्हणाला. स्नेहलला ते पटलंही.

बुधवारी लिनोलियमवर सात नखं पडलेली होती. ही पातळ होती, गुलाबीसर, ताजी.

पेस्ट कंट्रोलवाला आला. उंदरांचा मागमूस नाही म्हणाला. चहा विचारला तर नको म्हणून घाईने निघाला. शेजारच्या मॉरीनला स्नेहलने कुंपणावरून विचारलं, आधी इथे कोण राहायचं?

"चांगलं कुटुंब होतं," मॉरीन म्हणाली. "फार स्वच्छ. बाई सारखी पुसतच असायची. तुझ्यासारखी."

बोलताना तिने एप्रनच्या खिशातले हात बाहेर काढले नाहीत.

मग नखं बाथरूमबाहेर आली. घडी घातलेल्या टॉवेलात. साबणाच्या वडीत रुतलेली. एकदा कणीक चाळताना चाळणीत तीन राहिली. स्नेहलने पिठाचा अख्खा डबा बिनमध्ये रिकामा केला. जेवताना ती प्रत्येक घास जिभेने चाचपायला लागली. दिवसातून वीस-वीसदा हात धुवून कातडी सोलवटली, तरी बोटांना तो मोज्यांचा वास राहायचाच.

"विकून टाकू," ती म्हणाली.

"काय सांगून विकायचं?" राकेश म्हणाला. "आणि जायचं कुठे? परत त्या एका खोलीत?"



जूनमध्ये सियाच्या शाळेचं स्विमिंग सुरू झालं. नखं कापून पाठवा, अशी चिठ्ठी आली. रविवारी दुपारी स्नेहलने तिला खिडकीपाशी मांडीवर घेतलं आणि तिचा पाय हातात धरला.

नखं कापलेलीच होती. अगदी मुळापर्यंत.

"बाबांनी कापली?"

सियाने मान हलवली. "बाबा नाही. तो करतो."

"तो कोण?"

"ती," सिया अडखळली. तिचं मराठी इथलं होतं. तो आणि ती तिला कधीच नीट जमायचं नाही. "मी झोपते तेव्हा येतो. दातांनी करतो. दुखत नाही, आई. हळू हळू करतो."

स्नेहलने तिचा पाय सोडला.

सिया उठून गार्डनमध्ये पळाली. बाहेर राकेश लॉन कापत होता, मशीनचा आवाज एकसारखा येत होता.

डर्बीत आल्याला तीन महिने झाले होते. तीन महिन्यांत तिने नेलकटर एकदाही हातात घेतलं नव्हतं.

तिने डाव्या पायाचा मोजा काढला. नखं आखूड होती, कडेने गोल, गुळगुळीत.

आणि बोटांच्या बेचक्या लाळेने ओल्या होत्या.