ऑईल कुठं जात होतं

हे माझ्या सख्ख्या भावासोबत घडलेलं आहे. तो आजही डोंगरकड्याला आमच्या घरात खाटेवर पडून आहे. ज्यांना खोटं वाटतं, त्यांनी येऊन बघावं.

तुम्ही म्हणाल, रात्र असेल. अमावस्या असेल.

नाही. गेल्या वर्षीचा एप्रिल. दुपारचे दीड-दोन. ऊन असं, की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

माझा मोठा भाऊ ग्यानोबा गाड्या दुरुस्त करायचा. गावाबाहेर रोडला पत्र्याचं शेड आणि गाडीखाली काम करायला सिमेंटचा खड्डा. मी शाळेत क्लार्क आहे. सकाळची शाळा सुटली की तिथं जाऊन बसायचो.

त्या आठवड्यात तातेराव गाडी घेऊन आले. सेनगावकडचे मोठे जमीनदार. आमच्या शेडची जागा त्यांच्या मेव्हण्याची, त्यामुळं त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. गाडी वीस वर्षं जुनी. तक्रार एकच. आठ दिवसांत लिटरभर ऑईल कमी होतं.

दादाला वाटलं, जुनं इंजिन आहे, ऑईल पीत असेल.

पण मग सायलेन्सरमधून निळा धूर यायला पाहिजे. धूर नव्हता.

गळत असेल म्हणून खाली पुठ्ठा अंथरला. सकाळी पुठ्ठा कोरडा.

ऑईल रेडिएटरमध्ये जातंय का म्हणून तिथलं पाणी बघितलं. स्वच्छ.

खालून ऑईलच्या चेंबरला एक जुनं वेल्डिंग होतं. त्यावर बोट फिरवलं. कोरडं.

शेवटी दादानं ऑईल मोजायच्या पट्टीवर खूण केली आणि गाडी चालूच केली नाही. नुसती उभी ठेवली.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली...

ऑईल खुणेच्या बोटभर खाली.

उभ्या गाडीतलं ऑईल जाणार कुठं?

दादा खड्ड्यात उतरला. मी वर स्टुलावर बसलो होतो. लाईट गेलेली, पंखा बंद. सगळं चूप. म्हणूनच ते ऐकू आलं...

घुटुक... घुटुक...

"परमोद, पानी पिऊन राहिला का तू?" दादानं खालून विचारलं.

मी पीत नव्हतो.

थोड्या वेळानं तो वर आला. हात पुसत राहिला. मग म्हणाला की खाली कानाजवळ कोणीतरी बोललं. बाईचा आवाज होता. "भाऊ, पानी," एवढंच.

मला तो आवाज आला नव्हता. खरं तेच सांगतो.

दुसरा कोणी असता तर पळाला असता. दादा तसा नव्हता. त्यानं तांब्या भरला आणि खड्ड्यात, चेंबरच्या बरोबर खाली ठेवला.

सकाळी तांब्या रिकामा...

आणि ऑईल काल होतं तिथंच. थेंबभर कमी नाही.

चार दिवस रोज पाणी ठेवलं. चारही दिवस तेच.

पाचव्या दिवशी दुपारी तातेराव आले. दादानं सगळं सांगितलं. मला वाटलं ते हसतील.

ते हसले नाहीत. स्टुलावर बसले आणि सोयाबीनचा भाव सांगावा तसं सांगू लागले. दोन वर्षांपूर्वी एक बाई गाडीखाली आली होती. गाडी दगडावर चढून चेंबर फुटलं. बाई खालीच अडकली होती, जिवंत. सगळं ऑईल तिच्या तोंडावर गळत होतं. ती पाणी मागत होती. पाण्याची बाटली गाडीतच होती.

"मंग दिलं काहून न्हाई?" दादानं विचारलं.

"दिलं असतं तर वाचली असती," तातेराव म्हणाले.

मग ते उठले. तांब्यातलं पाणी ओतून दिलं. कोपऱ्यात गाड्यांतून काढलेल्या जळक्या ऑईलचा डबा होता, तो पायानं दादाकडं सरकवला. म्हणाले, पाणी देत बसलास तर ती जन्मभर इथंच राहील.

"आदी जे पाजलं तेच पाज. पोटभर."

दादा म्हणाला, "मालक, मला हे करायला नका लावू."

"जागा कोनाची हाय, ग्यानोबा?"

दादानं माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी बोलेन, असं त्याला वाटलं असावं.

मी मान खाली घातली.

दादानं तांब्यात जळकं ऑईल ओतलं. काळंकुट्ट. खाली नेऊन ठेवलं आणि वर आला. आम्ही तिघं खड्ड्याच्या काठाला उभे.

"भाऊ..."

या वेळेला मलाही ऐकू आलं.

मग पिण्याचा आवाज. घाईघाईनं. खूप तहान लागलेलं माणूस पितं तसा...

मधेच ठसका. मग ओकारीचा आवाज.

तरी पिणं थांबलं नाही. तिला वाटलं असेल, तांब्याच्या तळाला तरी पाणी असेल.

मग सगळं शांत झालं. तांब्या रिकामा होता.

त्या दिवसापासून त्या गाडीचं ऑईल कमी झालं नाही. तातेराव गाडी घेऊन गेले.

संध्याकाळी करुणा वहिनीनं दादाला पाणी दिलं. त्यानं पहिलाच घोट थुंकला. म्हणाला, ह्यात ऑईल हाय.

मी त्याच ग्लासातलं प्यालो. साधं पाणी होतं.

तेव्हापासून दादाच्या घशाखाली पाणी उतरत नाही. दूध नाही, चहा नाही. नांदेडला घशात कॅमेरा घालून बघितलं. डॉक्टर म्हणाले, घसा एकदम चांगला आहे. दादा सलाईनवर आहे. अंगाची नुसती काडी झाली. झोपेत ओठ हलतात, ते बघवत नाही.

वहिनी एकदा तातेरावांच्या घरी गेली. भांडायला नाही. बाई कोण होती, कुठं झालं, एवढंच विचारायला. जागा कळली तर माफी तरी मागता येईल.

त्यांनी वहिनीला चहा पाजला. मग विचारलं, "कोनती बाई?"

गाडी अंगणात उभी होती. तातेरावांना काहीच झालेलं नाही.

म्हणून आता दर रविवारी मी मोटरसायकलवर फिरतो. सेनगावपासून इकडं येणारा एकेक रस्ता. चहाच्या टपऱ्यांवर विचारतो, तीनेक वर्षांपूर्वी रोडवर कोणी बाई मेलेली सापडली होती का? गाडीवाला पळून गेलेला?

तीन ठिकाणी लोक हो म्हणाले.

तीन बाया. त्यातली आमची कोणती, ते मला माहीत नाही.

दोघींची नावंसुद्धा कोणाला ठाऊक नव्हती. तिथं पाणी ओतलं, हात जोडले. दादाला फरक नाही.

तिसरी शिरड शहापूरच्या अलीकडं. तिची आई आहे, नर्मदाबाई. बांधावर गवत कापत होती. मी विचारलं तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, सकाळी सापडली. तोंड सगळं काळं झालेलं होतं, धुतलं तरी जाईना.



तिनं विळा खाली ठेवला आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"तुमी तिचे कोन, बाबा?"

मी पाणी न ओतताच गाडीला किक मारली आणि निघून आलो. महिना झाला. दादाला अजून काही सांगितलेलं नाही.