चेहरा नको, आवाज तेवढा

“काही झालं तरी तू बाहेर यायचं नाहीस, अंगै!”

रव्याच्या केसरीवर तूप सोडता सोडता अंगयर्कण्णीचा हात थबकला. स्वयंपाकघराच्या दारात तिची सासू विशालम उभी होती, निळ्या रेशमी साडीत, कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढून. रविवार होता, सहाला राहुकाळ टळला की कोइमतूरची माणसं वेन्निलाला पाहायला येणार होती. वेन्निला... अंगैची एकुलती एक लेक! जन्मली तीच बापासारखी गोरीपान, म्हणून आजीने मोठ्या हौसेने तिचं नाव ठेवलं होतं, पांढरं चांदणं.

“विधवेनं शुभकार्यात पुढंपुढं करू नये हे मला कळतं, अत्तै,” अंगै हळूच म्हणाली. “मी मागं बसेन. मुलगा कसा आहे तेवढं एकदा डोळ्यांनी...”

“विधवेचं काय घेऊन बसलीस? मी कोण आहे मग, सवाष्ण? मी बसणारच आहे की बाहेर!” विशालम फणकारली. “आरशात बघ जरा. पोरीची आई दिसली की लोकांना उद्याची नातवंडं दिसतात. चालून आलेलं स्थळ हा तवा बघून पळून जायचं! मध्यस्थाला सांगून ठेवलंय मी, मुलीची आई तिच्या लहानपणीच वारली. आजच्या दिवस तू स्वयंपाकीण.”

वारली...! चुलीपुढे जिवंत, घामाघूम उभ्या असलेल्या त्या बाईने सासूच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. वेन्निला तिथेच उभी होती, वेणीत मोगरा माळून. तिने सगळं ऐकलं होतं. आता बोलेल, आता आजीला म्हणेल, ‘पाट्टी, हे काय भलतंच!’ म्हणून त्या मातृहृदयाने श्वास रोखून धरला, आणि लेक हातातल्या बांगड्या फिरवत म्हणाली, “अम्मा... आजच्या एका संध्याकाळचाच तर प्रश्न आहे.”

सव्वीस वर्षं सासूने दिलेल्या डागण्या एकीकडे, आणि लेकीचं हे एक गोड वाक्य एकीकडे! अंगै काजू तळू लागली.

गंमत पाहा, घर चालत होतं ते त्या काळ्या बाईच्या गळ्यावर. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं ती जवळच्याच एका स्टुडिओत मालिकांना आवाज द्यायला जात होती. घरच्यांना वाटे, गर्दीतल्या बायकांचे आवाज काढत असेल! खरी गोष्ट सांगायची तिला बंदी होती. ‘कार्मुकिल’, म्हणजे काळा ढग, नावाची जी मालिका सारं तमिळनाडू डोळे पुसत पाहत होतं, तिच्यातली काळी, सोशीक पोन्नी ही मुळात उत्तरेकडची एक दुधासारखी गोरी नटी. तिला रोज सकाळी दोन तास काळा रंग फासत, आणि तमिळचा गंध नसलेल्या तिच्या तोंडी अंगैचा आवाज घालत. ‘नटी स्वतःच तमिळ शिकली,’ असा कंपनीने सगळीकडे गवगवा केला होता. सत्य बाहेर फुटलं तर काम जाणार होतं. त्यामुळे चार वर्षं रोज साडेसहाला विशालम टीव्हीपुढे बसून पोन्नीसाठी पदर ओला करी आणि मध्येच ओरडे, “ए काळे, कॉफी आण!” पोन्नीच्या आवाजात ‘आणते’ म्हणत अंगै कॉफी नेऊन देई.

पाहुणे आले. गोरा, उंच मुलगा, अबोल बाप, आणि जिच्या हाती घराच्या किल्ल्या आहेत हे पहिल्या खोकल्यातच कळावं अशी मुलाची आई, कमलावेणी. केसरी झाली, भजी झाली. वेन्निलाने वाकून नमस्कार केला तेव्हा कमलावेणीने तिची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला, जसं कापड उजेडात धरून पाहतात तसा.

“रंग छान आहे. आईचा?”

“आईचाच!” विशालमने डोळ्यांना पदर लावला. “पौर्णिमेसारखी होती माझी सून... देवानं नेली.”

दारामागे अंगैने पदराचा बोळा तोंडात कोंबला. सव्वीस वर्षांत सासूने तिच्या रूपाची ही पहिलीच तारीफ केली होती, आणि त्यासाठी तिला मरावं लागलं होतं!

साडेसहा वाजले तशी कमलावेणी चुळबुळू लागली. “तुमची हरकत नसेल तर... टीव्ही लावता? आज विशेष भाग आहे. पोन्नीची पोरगी तिला सगळ्यांसमोर ओळख नाही म्हणते ना!”

“अगंबाई, तुम्हीसुद्धा?” विशालमचा चेहरा खुलला. दोघी हातात हात घालून बसल्या. पाचच मिनिटांत दोघी मुसमुसत होत्या.

“रंगावरून माणसाला असं वागवतात का हो!” विशालम नाक ओढत म्हणाली. “सून झाली म्हणून काय, तिला जीव नाही?”

“अशांना नरकातसुद्धा जागा नाही,” कमलावेणीने निकाल दिला.

आत अंगै ओट्याला टेकून, डोळे मिटून उभी होती. तो प्रसंग तिने बुधवारी एका दमात दिला होता, आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या डॅनियलने डोळे पुसायला चष्मा काढला होता. तेव्हा ते सारं पोन्नीचं दुःख होतं. आज तिचे ओठ बाहेरच्या आवाजाबरोबर आपोआप हलू लागले... “मी तुझी आई आहे हे सांगायची लाज वाटते ना तुला?...”

आणि वीज गेली. सकाळपासून ती येत-जात होतीच.

दिवा गेला, पंखा गेला, पोन्नी गेली. पण आवाज देणाऱ्यांचा एक नियम असतो: चित्र अडखळलं तरी वाक्य मध्ये सोडायचं नाही, सोडलं तर सगळं पहिल्यापासून. अकरा वर्षांत तो नियम तिच्या हाडीमाशी खिळला होता. अंधारात, बंद टीव्हीच्या त्या खोलीत, स्वयंपाकघरातून भरल्या गळ्याने शब्द आले...

“मग नको सांगूस, बाळा. कुणी विचारलं तर सांग, आई मेली. तू सुखात आहेस एवढं कानावर आलं, तरी मी मेल्या जागी सुखानं झोपेन...!”

मग कमलावेणी किंचाळली, “अय्यो! ही तर पोन्नी!”

मोबाइलचा उजेड पाजळत ती आत धावली. उजेड अंगैच्या तोंडावर पडला आणि तिथेच हिरमुसला.

“तुम्ही...? तो आवाज तुमचा?”

“कुणाला सांगू नका, अम्मा. माझं काम जाईल,” अंगैने हात जोडले.

“सांगते कशाला? अन् सांगितलं तरी कोण विश्वास ठेवणार?” कमलावेणी हसली, मग नीट न्याहाळून तिने विचारलं, “या घरातल्या कोण तुम्ही?”

दारात विशालम उभी होती, तिच्यामागे वेन्निला. लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्यात एकच याचना होती. एक शब्द, फक्त एक शब्द अंगैच्या जिभेवर येऊन उभा राहिला. गेले सत्त्याहत्तर भाग ज्या शब्दासाठी पोन्नी झुरली होती तोच तो शब्द... तिने तो गिळला.

“स्वयंपाकीण,” ती म्हणाली.

“वाटलंच. देवसुद्धा बघा, असा गळा दिला आणि वर झाकण कसलं घातलं!” कमलावेणीने मोबाइल पुढे केला. “तेच वाक्य परत म्हणा ना माझ्यासाठी. चेहरा नको हं, आवाज तेवढा घेते.” आणि तिने मोबाइल उलटा करून अंगैच्या तोंडापाशी धरला.

अंगै बोलली. नको सांगूस, बाळा... एक अक्षरही चुकलं नाही.

वीज आली तेव्हा बाहेर लग्न ठरल्याची तांबुलाची ताटं बदलली जात होती. मुलीच्या आईचं ताट शेजारच्या एका गोऱ्या सवाष्णीने धरलं.

पाहुणे गेल्यावर विशालम बराच वेळ बंद टीव्हीकडे पाहत बसली. अंगैला वाटलं, आता तरी...! म्हातारी म्हणाली, “चार वर्षं मी तुझ्यासाठी रडले होय? शी! उद्यापासून बघवणार नाही ती मालिका.” आणि खरंच, तिने पुन्हा ती कधी लावली नाही.

लग्नाला मेलेली आई कशी जाणार? मुहूर्ताच्या घटकेला अंगै स्टुडिओत पोन्नीचं खिदळणं देत होती. पुढे वेन्निलाला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण “बिचारीला आई नाही, इथंच होऊ दे,” असं कमलावेणीने मोठ्या मनाने ठरवलं. अंगैने करून ठेवलेले लेह्याचे, बाळंतिणीच्या औषधी चाटणाचे डबे ट्रंकेवर तसेच राहिले. फोन यायचा तो महिन्यातून एकदा, चोरून, दोन मिनिटांचा.

आणि एका दुपारी, दोन प्रसंगांच्या मध्ये, तो अवेळी वाजला.

“अम्मा...” वेन्निलाचा आवाज खोल गेलेला. “मुलगी झाली.”

“सुखरूप आहेस ना ग? बाळ कसं आहे?”

पलीकडे हुंदका. “तुझ्यासारखी. अगदी तुझ्यासारखी, काळीभोर... अत्तैंनी बघितली आणि बाजूला ठेवली. म्हणाल्या, आमच्यात असं कुणी नाही, तुझ्यातही नाही, मग ही कुणावर गेली?”

अंगैला कळलं, त्या संध्याकाळी आपल्यापुढे होता तोच प्रश्न आता लेकीपुढे उभा आहे. “मग तू... काय सांगितलंस?”

“अम्मा, तुला ठाऊक नाही! अत्तैंनी तुझाच आवाज फोनच्या घंटीला लावलाय, वाजला ना, की तू बोलतेस. ‘नको सांगूस, बाळा... सांग, आई मेली.’ वर्षभर! जेवताना, पूजा चालली असताना, दिवसातून वीस वेळा तू मला तेच सांगतेस आणि मी मान खाली घालून ऐकते. आत्ताही त्यांनी विचारलं, आणि तेवढ्यात फोन वाजला...” पलीकडे बाळ रडलं. “त्या मला घरी न्यायला तयार नाहीत, अम्मा. हेही गप्प उभे आहेत. मी बाळाला घेऊन येते. घेशील मला?”

काचेपलीकडून डॅनियल खुणावत होता. पडद्यावर काळ्या रंगातली पोन्नी ओठ हलवत होती, आणि खोलीत आयुष्यात पहिल्यांदा तिचं वाक्य रिकामं जात होतं.

“वेन्निला,” अंगैने विचारलं, “फोन वाजला, मग?”

“वाजू दिला पूर्ण,” लेक म्हणाली. “आणि मग सांगितलं, माझ्या आईवर गेलीय.”