सातव्या प्रश्नाचं उत्तर

इंदापूर स्टँडवर एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या मुलाच्या मोबाइलवर आमचाच कोर्स चालू होता. स्तनाच्या कर्करोगाचा, अठरा व्हिडिओंचा. तो गंभीर आवाज ऐकून मला जांभईच आली.

"बंद करा हो ते," मी म्हणाले. "त्यापेक्षा खिडकीबाहेर बघा."

"एवढा वाईट आहे?"

"मी उपकेंद्रात नर्स आहे. अठराच्या अठरा व्हिडिओ लावून ठेवले आणि लसूण सोलला. आमच्या आशाताईंना तर त्यातलं अक्षर कळलं नाही. मग काय... अकरा जणींची ऑनलाइन परीक्षा मीच दिली, एका दुपारी. सगळ्यांना शंभरपैकी शंभर."

तो हसला. हसणं छान होतं, हे मान्य करायलाच हवं. खिडकीच्या गजात अडकलेली माझी ओढणी त्यानं हलकेच सोडवून दिली, आणि मी लोणी देवकर येईपर्यंत गप्पच बसले नाही.

तो माझ्याच थांब्यावर उतरला. माझ्याच उपकेंद्रात शिरला.

"मी मल्हार, काटेवाडीचा," तो म्हणाला. "बारामतीच्या ज्या संस्थेनं हा कोर्स केलाय ना... तिच्याकडून आलोय. कोर्सचा उपयोग होतो का, ते तपासायला."

एसटीत काय काय बोलले, ते मी एकेक आठवायला लागले.

"एसटीत ऐकलेलं मी विसरू शकतो," तो हळू आवाजात म्हणाला. "मार्क चांगलेच आहेत. अहवालही चांगला जाईल, तुमच्या नोकरीलाही धक्का नाही. तुम्ही म्हणाल तसं."

मला ते फार हवं होतं. पण व्हरांड्यात अकरा जणी बसल्या होत्या. अहवाल चांगला गेला, तर हाच कोर्स गावोगाव जाणार होता. या बायका घरोघरी काय सांगणार होत्या?

"विसरू नका," मी म्हणाले. "ते मार्क माझे आहेत. त्यांना तोंडी विचारा."

त्यानं सातवाच प्रश्न आधी काढला. गाठ दुखत नसेल, तरी डॉक्टरांना दाखवायची का?

चंद्राबाई आमची सगळ्यात जुनी आशाताई. तिनं लगेच उत्तर दिलं. "दुखत न्हाय, तर कशाला दावायची? माझीबी हाय की, सा म्हयनं झालं. काय तरास न्हाय."

चंद्राबाईच्या नावावर 'दाखवावी' हे उत्तर माझ्या बोटानं दाबलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला तपासणीसाठी बारामतीला नेलं. गाठ कर्करोगाची निघाली. पण लहान होती, उपचार लगेच सुरू झाले. मी लेखी कबुली दिली आणि मला ताकीद मिळाली. घरी येऊन खूप रडले. मग डोळे पुसून मल्हारला फोन केला. "कोर्स पुन्हा करा. आमच्या बोलीत. मी बोलते त्यात."

त्याची संस्था राजी झाली. दर रविवारी तो कॅमेरा घेऊन येऊ लागला.

"पुन्हा एकदा," तो म्हणायचा.

"आता काय चुकलं?"

"काही नाही... तुम्ही ती बट कानामागं सारता ना, ते नीट आलं नाही."

"कोर्स गाठीचा आहे, केसांचा नाही."

असं म्हणून मी पुढच्या वेळी बट मुद्दाम मोकळी सोडायचे. तो मला आवडायला लागला होता. रविवार लांब वाटायचा.

तीन महिन्यांनी पुन्हा तोंडी परीक्षा झाली. चंद्राबाई डोक्याला रुमाल बांधून आली. सातवा प्रश्न तिनं पुरा होऊच दिला नाही. "दुखू दे न्हायतर नको, दावायचीच. मी दावली म्हणून हितं बसलीया."

बाकीच्या गेल्या. मल्हार कागद आवरता आवरता थांबला.

"एक प्रश्न राहिलाय..." त्यानं घडी केलेला कागद माझ्यापुढं धरला. "तुमच्यासाठी. लिहून आणलाय. उत्तरं दोनच आहेत."

चंद्राबाई अजून दारातच होती. "आणा हिकडं, सिस्टर. तुमच्या वतीनं म्याच खूण करती."

"नको, चंद्राबाई. एकमेकींच्या परीक्षा देऊन झाल्या." मी कागद न उघडता त्याला परत दिला. "तोंडी विचारा, मल्हार."

त्यानं विचारलं.

"व्हय," मी म्हणाले.